शांता आपटे आणि स्टुडिओचं गेट

ज्यांना ऐकायला जमत नाही, नाहीतर गावाकडं रेंज जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय.

मागच्या वेळी ल्युबोव ऑर्लोवाचं नाव निघालं होतं. सोव्हिएत रशियाची लाडकी नटी, १९३६ चा 'सर्कस' आणि १९३८ चा 'व्होल्गा-व्होल्गा' गाजवणारी. तिथं स्टुडिओ सरकारचे. मग आपल्याकडं काय होतं, असं तुमच्यातल्या काहींनी विचारलं. आपल्याकडं शांता आपटे होत्या.

आधी सिस्टीम समजून घेऊ. आज हिरोइन एकेक सिनेमा साइन करते. तेव्हा तसं नव्हतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्यात आली. नट, कॅमेरामन, सुतार, सगळे महिन्याच्या पगारावर, कराराने बांधलेले. कुठला रोल करायचा, कधी करायचा, हे कंपनी ठरवणार. करार संपेपर्यंत दुसरीकडं काम नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल. माझ्या पहिल्या नोकरीतही बाँड होता, दोन वर्षांचा. तेव्हा मी बेंचवर बसून तारखा मोजायचे.

शांताबाई मूळच्या सोलापूरकडच्या, दुधनीच्या. १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून पडद्यावर. प्रभातमध्ये 'अमृतमंथन', 'अमरज्योती', आणि मग १९३७ चा 'कुंकू'. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. १९३७ मध्ये! तेव्हा आपलं हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं आणि वर निजामाचं राज्य. या सिनेमात त्या लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात, आणि ते अजिबात ओढूनताणून वाटत नाही. हिंदीत हाच सिनेमा 'दुनिया न माने' म्हणून आला.

आता खरी गोष्ट. १९३९ च्या जुलैमध्ये याच बाई प्रभातच्या गेटवर उपोषणाला बसल्या. वाद कराराचा आणि पैशाचा. पेपरवाल्यांना चमचमीत बातमी मिळाली. मला विचाराल तर तो 'हिरोइनचा रुसवा' नव्हता. कोर्टात वर्षं गेली असती. संप एकटीनं काय करणार? म्हणून गांधीजींचं हत्यार स्टुडिओच्या दारात आणलं. शेवटी त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

पुढं १९४१ ला मद्रासकडं जाऊन तमिळ 'सावित्री' केला. त्यात नारद झाल्या होत्या चक्क एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ ला लाहोरचा 'जमीनदार'. म्हणजे पगारी नोकरीतून थेट फ्रीलान्स, तेही तीन टोकांच्या शहरांत.

पण त्यांचं मला सगळ्यात आवडणारं काम सिनेमा नाहीच. १९४० मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. त्यात ग्लॅमर कमी, मजुरी जास्त. नट म्हणजे राबणारं शरीर, ते थकतं, आणि त्या थकव्यावर दुसऱ्याचा धंदा चालतो, हा त्यांचा मुद्दा. बर्नआउट हा शब्द आपण परवा परवा शिकलो, राव.

२४ फेब्रुवारी १९६४ ला त्या गेल्या. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पुण्यात लॉ कॉलेज रोडला. आपल्याकडची बरीच पोरं तिकडंच कोथरूड-डेक्कनला राहतात, रोज त्या गेटवरून जातात.

पुढच्या एपिसोडमध्ये हंसा वाडकर.