काटा खाली, संगणक वर

मागच्या भागात नऊ पिनांचा सीरियल पोर्ट पाहिला. आज, तो पोर्ट नसतानाही आहे असं संगणकाला पटवणारं सॉफ्टवेअर. उदाहरण मुंबईतल्या देवनारचं घेतो, कारण तो परिसर वजनावर चालतो. 1927 पासूनचं डम्पिंग ग्राउंड, 1971 चा कत्तलखाना आणि भोवतालची भंगाराची गोदामं.

इथे गाडी वजनकाट्यावर एकदा भरलेली चढते, एकदा रिकामी. वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. काट्याखालच्या लोडसेलकडून आलेलं वजन इंडिकेटर लाल आकड्यांत दाखवतो आणि तेच आकडे मागच्या नऊ पिनांतून अक्षर-अक्षर करून सतत सोडत राहतो. आरएस-232 ही 1960 मधली पद्धत. साधी आहे, म्हणून टिकली. पण तिची केबल साधारण 15 मीटरपर्यंतच भरवशाची, आणि पावतीच्या जुन्या सॉफ्टवेअरला 'कॉम 1' हा पोर्ट सोडून दुसरं काही कळत नाही.

इथल्या एका खासगी काट्याचं ऑफिस वरच्या मजल्यावर, काट्यापासून बरंच लांब. मी इंडिकेटरजवळ सीरियलचं नेटवर्क करणारी छोटी डबी बसवली आणि वरच्या संगणकात आभासी कॉम पोर्ट उघडला. आकडे छान दिसू लागले. पावसाळ्यात फोन आला : पाठोपाठच्या दोन गाड्यांचं वजन एकच, 14,260 किलो. खालचा नेटवर्क स्विच बंद पडला होता, आभासी पोर्ट मात्र उघडाच राहिला आणि पावतीवर आधीच्या गाडीचा आकडा छापला गेला. दुसऱ्या गाडीत माल जास्त होता. गाडीवाला अडून बसला नसता तर त्याची दिवसाची मजुरी बुडाली असती. निवडीत माझंच चुकलं होतं : आकडा येतो का एवढंच मी पाहिलं, यायचा थांबला तर काय होतं ते पाहिलंच नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आधी उपकरण कुठे आहे ते पाहा. ते याच संगणकाला जोडलेलं असेल आणि दोन प्रोग्रामना आकडा हवा असेल, तर अडचण अशी की विंडोजमध्ये एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. कॉम-झिरो-कॉम हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आभासी पोर्टांची जोडी तयार करतं. एकात घातलेलं दुसऱ्यातून निघतं. सोबत हब-फोर-कॉम लावलं की एकच आकडा दोघांना वाटता येतो. मात्र 64 बिट विंडोज डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही, तेव्हा सही असलेलीच आवृत्ती उतरवा.

उपकरण नेटवर्कपलीकडे असेल तर आधी डबीच्या कंपनीचाच ड्रायव्हर वापरून पाहा. मोक्साच्या एनपोर्ट डब्यांसाठी तो मिळतो. लिनक्सवर सेर-टू-नेट आणि सोकॅट पुरतात. साधं टीसीपी फक्त अक्षरं वाहून नेतं. 1997 चं आरएफसी 2217 हे तंत्र वेग आणि नियंत्रणाच्या तारांची स्थितीही पोचवतं. काट्याचा वेग डबीतच एकदा 9600 ठरवला की साधं टीसीपी चालतं. यंत्राशी बोलताना सॉफ्टवेअर स्वतः वेग बदलत असेल तर 2217 हवंच. साध्या टीसीपीला ना पासवर्ड ना कुलूप, त्यामुळे ही डबी इंटरनेटवर उघडी ठेवू नका.

आणि पैसे मोजण्याआधी, गाडी काट्यावर उभी असताना नेटवर्कची केबल उपसा. काही सेकंदांत पडद्यावर चूक दिसली पाहिजे, आणि केबल परत खोचल्यावर संगणक पुन्हा सुरू न करता आकडे आले पाहिजेत. आकडा गोठून तसाच राहिला, तर ते सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

त्या काट्यावर आता दोन सेकंदांत इंडिकेटरकडून नवी ओळ आली नाही, तर वजनाची चौकट रिकामी होते आणि पावतीचं बटण दाबलं जात नाही. वरून हाक येते, खालचा पोरगा इंडिकेटरचे लाल आकडे वाचून हाताने वहीत लिहितो आणि गाडीवाल्याची सही घेतो.