मामा की बाबा?

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'मामा' म्हणा, मग 'बाबा', मग 'पापा'. ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात, तसेच उघडतात. ज्याला ऐकू येत नाही, त्याने समोरच्याच्या तोंडाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी दारात मामा आलेत की बाबा, हे त्याला कळायचं नाही. श्रवणचेतेला थेट विजेने आवाज पोचवणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटची सत्तरेक वर्षं मला या तीन शब्दांवरून मागे जाऊन पाहावीशी वाटतात.

सुरुवात पॅरिसची. फेब्रुवारी १९५७ मध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका ठार बहिऱ्या माणसाच्या श्रवणचेतेपर्यंत वीज पोचवली. त्याला रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू आली. सरावाने मोजके शब्दही ओळखता आले, पण बोलणं काही समजलं नाही. पुढे यंत्र बिघडलं आणि काम तिथेच थांबलं. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी तो धागा पुन्हा उचलला. त्यांचं पुढे रूढ झालेलं उपकरण एका तारेचं. निरोगी कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या सुमारे साडेतीन हजार केसपेशी असतात. त्यांचं काम एक तार काय करणार, असं बड्याबड्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं.

१९७७ साली रॉबर्ट बिल्जर यांच्या चमूने अशी एकतारी उपकरणं बसवलेल्या १३ जणांची कसून तपासणी केली. नुसत्या यंत्रावर बोलणं समजत नाही, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं खरं ठरलं. पण ओठ पाहत ऐकलं, तर समज वाढत होती! असं का, ते मामा-बाबांमध्येच आहे. 'ब' म्हणताना ओठ उघडण्याआधीच कंठ थरथरू लागतो, 'प'मध्ये उघडल्यावर, आणि 'म'मध्ये आवाज नाकातून वाहतच असतो. हे फरक काळाचे आणि जोराचे, ते एका तारेतूनही बऱ्यापैकी पोचतात. 'पाट' की 'काट' हे तिला सांगता येत नाही, पण ते ओठांवर दिसतं. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं, असा हा मामला.

ओठ न पाहता समजायचं, तर तारा अनेक हव्यात. आतला कान शंखासारखा वळलेला, तोंडाशी तीक्ष्ण स्वर, आत वळत जावं तसे खर्जाचे. या वेटोळ्यात तार सरकवायची कशी? मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क यांना उत्तर सापडलं समुद्रकिनाऱ्यावर. एक शंख आणि गवताची काडी घेऊन ते बसले. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचीक असलेली काडी विनातक्रार आत शिरली. या कामाची ओढ घरातूनच आलेली: त्यांचे वडील औषधाचं दुकान चालवायचे आणि त्यांना नीट ऐकू यायचं नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये क्लार्क यांच्या पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची धून वाजवली, तर तो उठून ताठ उभा राहिला. व्हिएन्नात होखमायर पती-पत्नींचं अनेक तारांचं उपकरण या शस्त्रक्रियेच्या काही महिने आधीच बसलं होतं.

क्लार्क यांच्या चमूने सुरुवातीला यंत्रालाच शहाणं करायचं ठरवलं. बोलण्यातला जो स्वरपट्टा जिभेच्या पुढे-मागे सरकण्याने बदलतो, तेवढा वेचायचा आणि त्यानुसार तार निवडायची. 'ई'ला तोंडाजवळची, 'ऊ'ला आतली. कल्पना देखणी, पण महत्त्वाचं काय हे यंत्राने ठरवायचं आणि उरलेलं फेकायचं! गोंगाटात ते हमखास चुके. १९९१ मध्ये अमेरिकेत ब्लेक विल्सन यांनी वेचणंच सोडलं. आवाजाचे पट्टे पाडले, प्रत्येकाची चढउतार त्याच्या-त्याच्या तारेवर पाठवली, तारांचे प्रवाह एकमेकांत मिसळू नयेत म्हणून स्पंदनं आळीपाळीने दिली, आणि अर्थ लावायचं काम मेंदूवर सोपवलं. समज झपाट्याने सुधारली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच.

१९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी चांगल्या कानाच्या लोकांना अवघ्या चार पट्ट्यांत उरवलेलं बोलणं ऐकवलं. शांततेत त्यांना ते थोड्या सरावाने समजलं. असं ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. पहिल्यांदा नुसती घशातली घरघर. वाक्य काय आहे ते सांगितलं आणि तीच घरघर दुसऱ्यांदा स्वच्छ शब्द होऊन आली. आता ती पुन्हा घरघर म्हणून ऐकायची म्हटलं तरी जमत नाही.

आधी ऐकू येत असलेल्या मोठ्या माणसांना स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करण्याच्या, दिवशी घरच्यांचा आवाज अनेकदा यंत्रमानवासारखा वाटतो, आणि काही आठवड्यांत-महिन्यांत तो माणसाळतो. जन्मतः बहिऱ्या मुलांकडे जुनी आठवणच नसते, त्यामुळे पहिली तीनेक वर्षं फार मोलाची. म्हणूनच दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत लहान मुलांना प्राधान्य मिळतं, आणि तिथे वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेचं नाव पुन्हापुन्हा येतं. थेरपीतली सकाळ साधी असते. आई तोंडापुढे कागद धरते आणि सहा आवाज एकेक करून काढते : आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की पोरगं बादलीत ठोकळा टाकतं. 'म' गेला तर खर्जाकडे घोळ, 'स' गेला तर वरच्या पट्टीत. तेवढ्यावरून मॅपिंगला, म्हणजे यंत्राची जुळणी करून घ्यायला, कधी जायचं ते ठरतं.

एक गोष्ट अजून नीट पोचत नाही. वीसेक तारांतून चढउतार जाते, सूर फारसा जात नाही. म्हणून गाण्यात ठेका कळतो, चाल निसटते. मराठीत तर प्रश्नसुद्धा कितीदा नुसत्या सुरावर असतो. "आलास?" आणि "आलास." अक्षरं तीच, शेवटी आवाज वर जातो एवढंच. आतून कुणीतरी हाक मारतं, आणि शब्द पूर्ण समजूनही मुलगा उत्तर द्यायचं की नाही, या विचारात दारातच थांबतो.