गणिताचें भय आणि संख्यांचीं नांवें

मुलास गणित येत नाहीं असें दिसलें कीं त्यास 'ढ' ठरवून मोकळें होण्याची आपली संवय फार जुनी आहे. पालक शिक्षकांकडे बोट दाखवितात, शिक्षक मुलाच्या बुद्धीकडे. दोष शिकविण्याच्या रीतींत असेल अशी शंका थोड्यांसच येते. 'असर'च्या २०२४ सालच्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं भागाकार येणारीं शेंकडा सुमारें ३१ च भरलीं. बाकीचीं सारीं मंदबुद्धि, असें म्हणण्यास कोण धजेल?

आमच्या मतें या अडचणीचें एक कारण अगदीं उंबरठ्यावर, म्हणजे संख्यावाचनांतच आहे. 'पंचवीस' हा शब्द घ्या. त्यांत पांच आधीं ऐकूं येतात, वीस मागाहून. लिहावयाचे मात्र आधीं दोन व मग पांच. म्हणून सहा-सात वर्षांचें मूल ५२ लिहितें, तेव्हां तें कानांनीं ऐकलेलेंच प्रामाणिकपणें लिहीत असतें. बरें, शब्दांची ठेवण तरी एकसारखी आहे काय? बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर असा दोनाचा वेष घडोघडी पालटतो. 'एकोणतीस' म्हणतांना तीस ऐकूं येतात, पण २९ मध्यें तीनाचा मागमूस नाहीं. उलट कानडी व तेलुगु भाषांत 'वीस-पांच' असा सरळ क्रम आहे.

२०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या पुस्तकांत 'साठ तीन' अशी रीत घातली, तेव्हां केवढा गदारोळ झाला! विधिमंडळांतही तिची थट्टा झाली. जुनीं नांवें काढलेलीं नाहींत, दोन्ही दिलीं आहेत, हा समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा खुलासा ऐकून घेण्यास थोडेच तयार होते. भाषेच्या अभिमानानें संतापलेल्यांपैकीं कितीजण आपला फोनचा नंबर मराठी आंकड्यांत सांगतात?

जुनीं नांवें टाकावीं असें आमचें म्हणणें नाहीं. बाजारांत 'त्रेसष्ट'च चालणार, व तें मुलास आलेंच पाहिजे. प्रश्न आहे तो क्रमाचा. आमचे व्यापारी वाचक सुटीं नाणीं मोजतांना दहादहांचे ढीग लावितात; तोच अनुभव मुलाच्या हातांस प्रथम मिळावा. काड्यांच्या सहा जुड्या व तीन सुट्या काड्या त्याच्यापुढें ठेवाव्या, 'साठ आणि तीन' असें त्याच्याकडून म्हणवून घ्यावें, आणि मग यासच त्रेसष्ट म्हणतात असें सांगावें. हें न करितां बेरीज शिकविली तर 'हातचा एक' हा मंत्र होऊन बसतो. तो 'एक' म्हणजे दहाची आखी जुडी आहे, हें मुलास ठाऊकच नसतें. आणि पुढें वजाबाकी व भागाकार याच न कळलेल्या पायावर रचले जातात.

यास सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. काड्या व दोरा कोणत्याही घरीं मिळतात. वहींत पंचवीसच्या जागीं ५२ दिसले, तर पालकांनीं हात उगारण्यापूर्वीं तो शब्द एकदां स्वतः सावकाश उच्चारून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.