दोष एकट्या बाईचाच का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी उज्जैनला माधव नगरात मावशीकडे गेले होते. लग्नाला आठ वर्षे झाली तरी तिला मूल नाही, म्हणून शेजारच्या डोहाळजेवणाचे बोलावणे तिला आले नाही. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले.

कारणे साधी आहेत. कधी बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नाही. पीसीओएस किंवा थायरॉईडच्या बिघाडाने असे होते. कधी जंतुसंसर्गाने, आपल्याकडे क्षयानेसुद्धा, गर्भनलिका बंद होतात. कधी गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढते, तर कधी आत गाठी होतात. पस्तिशीनंतर बीजेही कमी होत जातात. यांतल्या पुष्कळ कारणांवर उपाय आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्यालाही आता किती वर्षे झाली!

पण दोष पुष्कळदा पुरुषातही असतो. म्हणून वर्षभर वाट पाहून दोघांनीही तपासून घ्यावे. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, एकच बाजू पाहून ताळेबंद जुळत नाही.

मावशीच्या आजवर पाच तपासण्या झाल्या. काकांची एकही नाही.