सातबाऱ्यावरचं जंगल

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला लोक येतात ते समुद्रासाठी आणि शंकराच्या देवळासाठी. नारळी-पोफळीच्या मागे सड्यापर्यंत चढत गेलेल्या उताराकडे सहसा कोणी बघत नाही. खरं तर कोकणच्या जंगलाचा प्रश्न अशाच उतारांवर सुटायचा किंवा बिघडायचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन नगण्य आहे. उपग्रहाच्या चित्रात मात्र जवळजवळ निम्मा जिल्हा हिरवा दिसतो. म्हणजे इथलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, सातबाऱ्यावरचं आहे. त्या हिरव्या रंगावरही फार विसंबू नये. एक हेक्टरवर झाडांची सावली दहा टक्क्यांहून जास्त असली की भारतीय वन सर्वेक्षण विभाग ते वनाच्छादन धरतो, मग तिथे ऐन-किंजळाचं रान असो की काजूची बाग. रान तोडून कलमं लावली आणि ती वाढली, की कागदावर काहीच गेलेलं नसतं.

काजूही झाडच, शिवाय पोट भरणारं, मग तक्रार कसली, असं कोणी विचारेल. काजूने कोकणातल्या अनेक घरांना हात दिला हे खरंच आहे. पण बागेत हंगामाआधी खालची झुडपं साफ करतात, वेली काढतात. एकाच वयाची, एकाच उंचीची झाडं उरतात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. तशी ढोली काजूच्या कलमात मिळत नाही.

असं रान वाचवायच्या चर्चेत पश्चिम घाटाबद्दलचा २०११ चा गाडगीळ अहवाल आणि २०१३ चा कस्तुरीरंगन अहवाल यांच्यावरचा वाद संवेदनशील क्षेत्राच्या नकाशावरच्या रेषांभोवती फिरत राहिला. २०१४ पासून त्या क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघत आल्या. त्यातली सहावी अधिसूचना जुलै २०२४ मध्ये निघाली. खाणी आणि औष्णिक प्रकल्प रोखायला अशा रेषा हव्यातच. पण उतारावरचं रान उक्तं विकत घेणाऱ्या लाकूड ठेकेदाराचं त्यांनी फारसं बिघडत नाही. १९६४ चा वृक्षतोड कायदा परवानगी मागायला लावतो. राखलेल्या झाडाबद्दल एक पैसा देत नाही. मुंबईतल्या चाकरमान्याला पोराच्या फीसाठी रोख हवी असते आणि रोख घेऊन दारात येतो तो फक्त ठेकेदार. अशा मालकाला निसर्गप्रेम शिकवणं मला उद्धटपणाचं वाटतं.

उभ्या झाडाचा पैसा होऊ शकतो, हे संगमेश्वर भागात दिसलं आहे. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने तिथल्या मालकांशी रान राखण्याचे करार केले. बेहड्याची फळं ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्राखाली गोळा होऊ लागली आणि ‘पुक्का’ या इंग्लंडमधल्या हर्बल चहाच्या कंपनीने ती घेतली. यावरचा आक्षेप रास्त आहे: बेहडा प्रत्येक उतारावर नसतो, आणि परदेशी गिऱ्हाइकाची आवड उद्या बदलेल. म्हणूनच याच्या जोडीला सार्वजनिक पैसा लागेल. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या खाजगी मालकांना मोबदला द्यायला सुरुवात केली. तो देश लांबचा वाटत असेल, तर १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली आपलीच फळबाग योजना आठवावी. जगलेली रोपं मोजून तेव्हा आंबा-काजूला अनुदान मिळालं. लावलेल्या कलमाला जे मिळालं, ते आधीपासून उभ्या असलेल्या ऐनाला का मिळू नये?

पैसा द्यायचा कोणाला, हा शेवटचा अडसर सांगतात. सातबाऱ्यावर डझनावारी नावं, त्यात भाऊबंदकी, निम्मे हिस्सेदार गावात नाहीत. अडचण खरी आहे, पण ठेकेदारापुढेही हाच सातबारा असतो. तो डोंबिवलीपासून विरारपर्यंत फिरून सगळ्यांच्या सह्या गोळा करतोच की.