कोरोलाचे चालते, तर मारुतीचे का नाही?

काबूलमध्ये बनलेल्या काळ्या स्पोर्ट्स कारची चित्रफीत आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या मोबाइलवर एकदा तरी येऊन गेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती गाडी लोकांपुढे आली. नाव माडा-९, पुढे तिलाच सीमुर्ग हे नाव मिळाले. मोहम्मद रझा अहमदी आणि त्यांच्याबरोबरची तीसेक माणसे काबूलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत पाच वर्षे तिच्यामागे लागली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोहाच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली. दिसायला कोट्यवधींच्या गाड्यांच्या पंक्तीतली, पण पोटातले इंजिन साध्या टोयोटा कोरोलाचे, आणि तेही पुढे नाही तर बसणाऱ्याच्या पाठीमागे.

मुलांच्या मनात नेमके हेच घर करते. ‘‘सर, कोरोलाचे चालते, तर मारुतीचे का नाही?’’

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड, जरीमरी, साकीनाका, असल्फा या पट्ट्यात आपल्या घरांतली कितीतरी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी गॅरेजला बसतात. इंजिन उतरवणे, उघडणे, पुन्हा बसवणे हे त्यांना उस्तादाच्या हाताखाली येऊन जाते. असा मुलगा उद्या घरी म्हणाला की मला जुन्या गाडीतून नवी गाडी बनवायची आहे, पैसे द्या, तर अम्मी-अब्बांनी काय करावे? रागावावे की साठवलेले काढून द्यावेत? म्हणून आम्ही गॅरेजच्या उस्तादांना, अभियांत्रिकीच्या मुलांना आणि आरटीओची कामे करणाऱ्यांना विचारत फिरलो.

आधी हे काम आहे तरी काय ते पाहू. इंग्लंडमध्ये त्याला किट कार म्हणतात. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत मिळे आणि लोक ती घरी जोडत, कारण जोडलेल्या गाडीवर कर होता आणि सुट्या भागांवर तो वाचत असे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बनवावी, यावर एक पुस्तकच लिहिले. हे गृहस्थ शाळेत शिक्षक होते, हे वाचून आम्हांला उगीचच बरे वाटले. पद्धत अशी : एक जुनी, गंजलेली पण इंजिन शाबूत असलेली गाडी घ्यायची. तिला डोनर म्हणतात, रक्तदात्यासारखे. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, चाके, ब्रेक, स्टिअरिंग काढून घ्यायचे, चौकोनी लोखंडी नळ्यांचा नवा सांगाडा वेल्ड करायचा आणि सगळे त्यावर चढवायचे. बाहेरचे अंग फायबरचे.

इंजिन मध्ये म्हणजे कुठे? ड्रायव्हरच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. गाडीतली सर्वांत जड वस्तू अशी मधोमध आली की गाडी वळणावर चपळ होते. डोक्यावर घागर घेतलेली बाई झटकन वळू शकते. दोन्ही हात लांब करून टोकांना बादल्या धरल्या तर वळणे जड जाते, तसेच हे. त्याची दुसरी बाजूही आहे. अशी गाडी एकदा घसरली की भोवऱ्यासारखी फिरते, सावरायला वेळ देत नाही. मुले पहिली बाजू सांगतात, दुसरी सांगत नाहीत.

‘मध्ये इंजिन’ म्हणताच मुलांना फेरारी आठवते. पण पस्तीस वर्षे आपल्या मुलांना शाळेत सोडणारी मारुतीची ओम्नी? तिचे इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे पुढच्या चाकांच्या मागेच असे. पाहायचे तर सीट उचलावी लागे. दुपारच्या व्हॅनमध्ये बुडाला चटका का बसतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक होते.

डोनर म्हणून उस्ताद लोक जुनी मारुती ८०० किंवा झेन सुचवतात, आणि त्याला कारण आहे. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना जोर पोचवणारा डिफरन्शिअल एकाच गठ्ठ्यात, आडवे बसवलेले असतात. गठ्ठा पुढून उचलायचा आणि सीटच्या मागे ठेवायचा, की झाली मागची चाके ओढणारी गाडी. सांगायला इतके सोपे आहे. खरी कसोटी पुढे लागते, आणि एका वयस्क उस्तादांनी ती आम्हांला चहाच्या टेबलावर बशा-चमचे मांडून समजावली.

मारुतीची पुढची चाके वळतात. तीच आता मागे गेली, तर त्यांचे वळणे पक्के बंद करावे लागते. तिथला सांधा जरा ढिला राहिला तर वेगात मागचे चाक स्वतःच्या मनाने वळेल. दुसरी गोष्ट हँडब्रेकची. मूळ गाडीत तो मागच्या चाकांना असतो. पुढची डिस्कवाली चाके मागे आणल्यावर त्यांना हँडब्रेकच नसतो, तो वेगळा जुळवावा लागतो. ब्रेकची वाटणीही उलटते. मूळ गाडीचे वजन पुढे, म्हणून पुढचे ब्रेक जोरकस. नव्या गाडीत वजन मागे सरकले. हिशेब न करता तेच ब्रेक लावले तर जोरात थांबताना कुठली तरी दोन चाके आधी जाम होणार, आणि ती मागची असली तर गाडी तोंड फिरवणार. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, म्हणजे पाण्याचे लांब पाइप. त्यात हवा अडकली की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. गिअरची जोडणी लांबवावी लागते, आणि तिची दिशा चुकली तर पहिला टाकायला जावे आणि रिव्हर्स पडावा. उस्ताद म्हणाले, ‘‘इंजिन बसवणे हे दोन दिवसांचे काम आहे, सर. बाकी दोन वर्षांचे.’’

आणि मुंबईत ‘घरी’ म्हणजे कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या पाहून पहिल्याच रविवारी सेक्रेटरी येतील. चाळीच्या खोलीत फायबरचे रेझिन घोटणे म्हणजे घरच्यांना विषारी वाफ देणे. त्यात घालतात ते हार्डनर तर आग पकडणारे आणि डोळ्यांचे वैरी. पावसाळ्यातल्या दमट हवेत फायबर नीट सुकत नाही आणि उघड्या नळ्यांना चार दिवसांत गंज धरतो. तळमजल्याचा गाळा असला तरी आधी दरवाजाची रुंदी मोजावी.

आपल्याकडे हे कोणी केले आहे का? केले आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे (यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव) दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून साधारण साठ हजार रुपयांत एक छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पाहून आनंद महिंद्रांनी त्यांचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. त्याच सुमारास आसामच्या करीमगंज जिल्ह्यातल्या एका मेकॅनिकने जुन्या स्विफ्टला लॅम्बोर्गिनीचे रूप दिले, त्याचीही देशभर चर्चा झाली.

पण आमच्या मते या सर्वांचे पूर्वज इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शिक्षण बेताचे, हातात मात्र हिकमत. १९४९ मध्ये त्यांनी पहिली छोटी मोटार बनवली आणि १९७० पर्यंत एकामागून एक नमुने सुधारत नेले. गाडीचे नाव मीरा. इंजिन मागच्या बाजूला, धक्के सोसायला रबराची योजना. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी द्यायची, हा ध्यास. ती कारखान्यात कधी बनलीच नाही. लायसन्स-परवान्यांचे ते दिवस, आणि एका माणसाच्या खिशाला मर्यादा. वीस वर्षे आणि घरचा पैसा त्यात गेला. मुलाला हो म्हणण्याआधी मीराची गोष्ट घरात एकदा सगळ्यांनी मिळून वाचावी, हौस मोडण्यासाठी नव्हे, अंदाज येण्यासाठी.

अशा लेखात अल-जझारीचे नाव यायचेच, तेव्हा तेही सांगून टाकू. १२०६ च्या त्यांच्या ग्रंथात पाणी उपसण्याचा जो पंप आहे, त्यात गोल फिरणे दट्ट्याच्या मागे-पुढे जाण्यात बदलते. मारुतीच्या इंजिनात तेच उलट दिशेने होते. अभिमान जरूर बाळगावा, पण त्याने हँडब्रेक जुळत नाही.

आता कायदा, आणि इथे आम्ही गोड बोलणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किटसारख्या थोड्या सवलती आहेत, त्याही परवानगीने. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. नवी गाडी म्हणून नोंदवायची, तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. इंग्लंडमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे हौशी माणसासाठी तसा सोपा रस्ता नाही. असावा, असे आम्हांला वाटते. पण नाही तोवर ही गाडी खाजगी आवारात किंवा परवानगीने ट्रॅकवरच चालवायची.

‘गल्लीच्या टोकापर्यंत तर नेतो’ असे मुले म्हणतात. नोंदणी नसलेल्या गाडीला दंड आहेच, पण खरी भीती दुसरी. तिला विमा नसतो. कुणाला धक्का लागला तर भरपाई घरातून जाईल. आणि चालवणारा अठराच्या खालचा असेल तर कलम १९९ अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. डोनर घेतानाही कागद सोडू नये : विकणाऱ्याची पावती, मूळ आरसी, आणि ती आरटीओत रीतसर रद्द झाल्याचा कागद. स्वस्त मिळाली म्हणून बिनकागदाची गाडी उचलली आणि ती चोरीची निघाली, तर पोलिस चौकीत मुलाचे स्वप्न कोणी ऐकत नाही.

मग रस्ता कुठला? तो आपल्या उपनगरांतच आहे. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ओरायन रेसिंग, विलेपार्ल्याच्या संघवी महाविद्यालयात डीजेएस रेसिंग, पवईला आयआयटी बॉम्बे रेसिंग असे विद्यार्थ्यांचे गट आहेत. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी ते एकेक माणसाची रेसिंग कार स्वतः बनवतात. पेट्रोलच्या गाडीत मोटारसायकलचे इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवतात, म्हणजे डोनर आलाच आणि मध्ये इंजिनही आले. फरक एवढाच की इथे तपासणारे असतात. गाडी साठ अंशांत तिरकी करून तेल-पेट्रोल गळत नाही ना ते पाहतात. चारही चाके एकदम जाम होईपर्यंत ब्रेक तपासतात. ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर पडला पाहिजे. या गटांत मुलीही असतात, आणि वेल्डिंगचा चष्मा लावून काम करतात, हे आमच्या काही पालकांनी मुद्दाम जाऊन पाहावे.

गॅरेजला बसलेल्या मुलालाही हे दार बंद नाही. दहावीनंतर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. भायखळ्याला अंजुमन-इ-इस्लामचे साबू सिद्दीक आहेच. उस्तादाकडे शिकलेला हात आणि वर हा कागद, असा मुलगा आम्हांला फार क्वचित भेटतो.

एक आहे. आमचाच जुना विद्यार्थी, आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. असल्फ्याला मामूंच्या गाळ्यात त्याने झेनचे इंजिन लोखंडी स्टँडवर उभे केले आहे, आरसी रद्द केल्याच्या कागदासकट. ‘‘रस्त्यावर चालणार नाही तर बनवायची कशाला?’’ असे त्याच्या अम्मीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मुलाखतीला गाडीच घेऊन जाईन ना, टेम्पोत घालून.’’ अब्बांनी महिन्याला दोन हजार ठरवून दिले आहेत, वर एक पैसा नाही. अम्मीने अट घातली होती, ती पाळून आग विझवण्याचा लाल सिलिंडर भिंतीला लावला आहे. सांगाड्याच्या नळ्या पावसाळा संपल्यावर येणार आहेत. गाळ्याचा दरवाजा त्याने मोजला आहे : साडेसहा फूट.