ध्वनिक्षेपकाला वजन कशासाठी?



आमच्या एका कामगार बंधूच्या घरची गोष्ट प्रथम सांगतो. म्हाताऱ्या आईला कीर्तने ऐकता यावीत म्हणून त्याने दोन ध्वनिक्षेपक, म्हणजे आपले घरगुती स्पीकर, घेतले आणि लोखंडी कपाटावर ठेवले. आवाज भरपूर, पण पखवाज सुरू झाला की सारे गुरगुरणे, बुवांचा शब्द काही कळेना. दुकानदार म्हणाला, “मोठा संच घ्या.” मोठा संच म्हणजे दोन महिन्यांची बचत! आम्ही त्याऐवजी शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणि थोडे रबर आणले, आणि शब्द मोकळा झाला. हे कसे घडले, तेच आज पाहू.

वाळूजच्या कारखान्यांत पत्र्याला आकार देणारा प्रेस असतो. त्याचे अंग जड धातूचे, आणि ते काँक्रीटच्या पायावर बोल्टांनी जखडलेले. हेतू एकच : जे हलायचे ते हलावे, बाकीचे स्थिर राहावे. पाया ढिला झाला की फटक्याचा जोर जमीन हादरवण्यात वाया जातो.

स्पीकर हा असाच एक छोटा प्रेस होय. राईस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच आजही बहुतेक स्पीकरांत दिसते. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे. त्यातून विद्युत्प्रवाह गेला की ते पुढेमागे होते आणि त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो. पण न्यूटनचा नियम येथेही लागू आहे : पडदा पुढे गेला की पेटी मागे रेटली जाते. समजा, पडदा व वेटोळे १५ ग्रॅमचे आणि पेटी ५ किलोची. तर पडदा एक मिलिमीटर सरकताना मोकळी पेटी त्याच्या सुमारे ३३३व्या भागाइतकी उलट सरकेल.

एवढ्याने काय बिघडते? शाळेतला नादकाटा आठवा. हातात धरला तर जेमतेम ऐकू येतो; दांडा टेबलावर टेकवला की टेबलच गाऊ लागते. आमच्या मित्राच्या घरी कपाटाचा पत्रा असाच बुवांच्या साथीला बसला होता!

आता वजनाचे काम कळेल. पेटीचे वजन दुप्पट केले की तिची हालचाल निम्मी होते. एक फूट चौरस, एक इंच जाड शहाबादी फरशी सुमारे सहा किलो भरते. पेटीखाली मऊ रबराचे तुकडे दिले, तर कंप कपाटापर्यंत कमी पोचतो. आणि रबरावरचा भार जितका जड, तितका हा अडसर खालच्या सुरांनाही लागू पडतो.

परंतु वजन हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. पेटीच्या बाजूवर टिचकी मारा. ती बराच वेळ घुमत असेल, तर नुसत्या ओझ्याने तिचा सूर बदलेल, मरणार नाही. तो घर्षणाने मारावा लागतो. म्हणून फरशीखाली जाड नमदा घालावा. इंग्लंडात वॉर्फडेलच्या ब्रिग्जने प्लायवूडच्या दोन थरांमध्ये कोरडी वाळू भरली, ती वजन आणि घर्षण दोन्हींसाठी. उलट बीबीसीच्या अभियंत्यांनी पुढे पातळ प्लायवूडलाच आतून डांबरी पट्ट्या लावून उत्तम काम साधले.

आणि वजन कोठे नसावे? हलणाऱ्या पडद्यावर. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती सूर खाली आणण्यासाठी. तेथे ते वजन वाद्याचा सूर घडवते. स्पीकरने मात्र स्वतःचा सूर लावायचा नसतो, दुसऱ्याचा जसाच्या तसा पोचवायचा असतो.

दोन सावधगिऱ्या. पेटीला हवेचे छिद्र असेल तर ते झाकू नये. आणि उंच, अरुंद पेटीच्या डोक्यावर फरशी ठेवू नये, घरात मुले असतात.

शेवटी, माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका. डोळे मिटून बसा. दुसऱ्याला न सांगता फरशी ठेवायला आणि काढायला लावा. दहा वेळा ओळखून पाहा. फरक कळला तर फरशी ठेवा, न कळला तर अंगणात लावा. खर्च आधी आणि परीक्षा मागाहून, ही रीत श्रमाच्या पैशाला परवडणारी नाही.